दुःखाची नोंद

माणूस गेल्यानंतर दिवसांची मोजणी दोन ठिकाणी सुरू होते. एक घरात आणि दुसरी सरकारदरबारी. घरात तिसरा, दहावा, बारावा, तेरावा, पुढे मासिक श्राद्धे आणि शेवटी वर्षश्राद्ध. सरकारदरबारी जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे २१ दिवसांत मृत्यूची खबर. मृताच्या नावावर वाहन असेल तर ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला सूचना आणि तीन महिन्यांत नाव बदलण्याचा अर्ज. तो नोकरीत असेल तर कुटुंब निवृत्तिवेतन, उपदान, भविष्य निर्वाह निधी, गटविमा, आणि या प्रत्येकाचे वेगवेगळे नमुने. दोन्ही मोजण्यांना कुठे ना कुठे शेवट आहे. वर्षश्राद्धानंतर घर सुतकातून पूर्णपणे बाहेर येते, आणि शेवटचा धनादेश वटला की फाईलवर "निकाली" असा शेरा पडतो.

तीस वर्षांहून अधिक काळ सरकारी नोकरीत घालवल्यामुळे "निकाली" या शब्दाचे आकर्षण मला चांगले ठाऊक आहे. महिन्याच्या शेवटी किती प्रकरणे निकाली निघाली यावर आमची प्रगती ठरते. परंतु दुःख हे असे प्रकरण आहे की ते निकाली निघत नाही आणि निघावे अशी अपेक्षाही करू नये, असे माझे मत गेल्या काही वर्षांत पक्के झाले आहे. प्रशासनाचे काम त्याला निकाली काढण्याचे नसून, दुःखात असलेल्या माणसाला त्याच्याबरोबर जगता येईल एवढी मोकळीक देण्याचे आहे. हे मत पुस्तकांतून कमी आणि पनागरहून जास्त आले आहे.

पनागर हे जबलपूर जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या महामार्गावर, शहराच्या उत्तरेला पंधरा-सोळा किलोमीटरवर ते लागते. जवळून परियट नदी वाहते, नदीकाठच्या भागात म्हशींचे मोठमोठे गोठे आहेत, आणि हिवाळ्यात या साऱ्या पट्ट्यात मटाराची शेते हिरवीगार असतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला जबलपूर नवे नाही. नागपूरहून रेल्वेत, संरक्षण कारखान्यांत, शाळांत नोकरीला आलेली कितीतरी कुटुंबे तेथे दोन-तीन पिढ्या नांदली. माझा थोरला भाऊ त्यांपैकीच. १९८४ मध्ये तो नागपूरहून तेथील एका कारखान्यात लागला आणि तिकडचाच झाला.

त्याने पनागरला घर का बांधले याची कथा लहानशी आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे सव्वाचारनंतर जबलपूरला भूकंप झाला. तीव्रता ५.८ होती. सुमारे चाळीस माणसे दगावली, हजारो घरांना तडे गेले, आणि कोसमघाटसारख्या खेड्यात फारसे काही उभे राहिले नाही. दादा तेव्हा शहरात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होता. घरातील कुणाला इजा झाली नाही, पण जिन्यावरून चार वर्षांच्या मुलाला घेऊन उतरतानाची ती अर्धी मिनिटे तो विसरला नाही. त्यानंतर त्याने पनागरला भूखंड घेतला, २००१ मध्ये एकमजली घर बांधले आणि वर मजला कधीही चढवायचा नाही असे जाहीर केले. रोज स्कूटरने कारखान्यात जाऊन येणे त्याला चालले; जिना चालला नाही.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये, भाऊबीज होऊन आठवडा उलटला असताना, याच घरात सकाळी चहा घेताना दादा गेला. वय ५७. निवृत्तीला तीन वर्षे होती. मी तेव्हा भोपाळला नेमणुकीवर होते. संध्याकाळपर्यंत पोहोचले.

पुढचे तेरा दिवस कसे गेले याचे वर्णन करण्याची गरज नाही. ज्यांच्या घरात असे दिवस आले आहेत त्यांना ते माहीत आहेत. दोन गोष्टी मात्र सांगते. पहिली अन्नाची. आपल्याकडे पहिल्या दिवशी घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठले-भात आणून देतात. पनागरच्या त्या गल्लीत आमचे एकच मराठी घर. परंतु अंत्यसंस्काराहून मंडळी परतली तेव्हा समोरच्या घरातून पोळ्या आणि वरण आले होते. तिकडे या जेवणाला "कडवी रोटी" म्हणतात. शब्द वेगळा, रीत तीच. पुढचे तीन दिवस कोणत्या घरातून काय यायचे हे गल्लीतील बायकांनी आपसात ठरवून टाकले होते. त्यासाठी कुणी सभा घेतली नव्हती किंवा परिपत्रक काढले नव्हते.

दुसरी गोष्ट दहाव्याची. ग्वारीघाटावर नर्मदेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा येईना. मग अशा वेळी घडते तेच घडले. जमलेल्यांपैकी एकेक जण पुढे होऊन, दादाच्या मनात काय राहिले असेल याचा अंदाज करून, आश्वासन देऊ लागला. भाचा म्हणाला, आईला एकटे टाकणार नाही. मी काहीतरी बोलले. शेवटी वहिनी म्हणाली, "घर विकणार नाही. वर मजलाही चढवणार नाही." थोड्या वेळाने कावळा शिवला. या प्रथेत किती तथ्य आहे हा वाद मी येथे घालणार नाही. मला दिसले ते एवढेच की, त्या अर्ध्या तासात प्रत्येकाला आपली सर्वांत मोठी काळजी चारचौघांत मोठ्याने बोलून दाखवण्याची संधी मिळाली. वहिनीला घर जाण्याची भीती होती हे आम्हाला तोपर्यंत ठाऊक नव्हते. आमच्या कार्यालयांत इतके नमुने आहेत, पण "आपणास सध्या सर्वांत जास्त चिंता कशाची वाटते?" असा रकाना एकाही नमुन्यात नाही.

आता कार्यालयाकडे वळते. नोकरीत असताना कर्मचारी दगावला तर केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे कुटुंबाला पहिली दहा वर्षे शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के दराने निवृत्तिवेतन मिळते. त्यानंतर दर ३० टक्क्यांवर येतो. ही तरतूद उदार आहे, आणि असंघटित क्षेत्रातील कोट्यवधी कुटुंबांच्या नशिबी ती नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. दुःख गरिबाला आणि श्रीमंताला सारखेच, असे म्हणण्याची पद्धत आहे. माझा तसा अनुभव नाही. पुढच्या महिन्याचे भाडे कोठून येणार हे माहीत नसलेल्या बाईला रडण्यासाठीही वेळ काढावा लागतो. म्हणून पैसा वेळेवर पोहोचणे हे सांत्वनाचे पहिले आणि सर्वांत प्रामाणिक रूप आहे.

वहिनीच्या बाबतीत तो पोहोचायला सात महिने लागले. कारण होते नावाचे, आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकांनी ते मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची प्रथा होती. वहिनीच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, दादाच्या सेवापुस्तकात सासरचे नाव, मध्ये पतीचे नाव, शेवटी आडनाव. मध्य प्रदेशात मधले नाव लिहिण्याची पद्धत नाही, त्यामुळे मतदार ओळखपत्रावर ते गळाले. आधार कार्डावर आडनावाची वर्तनी निराळी. बँकेत मधल्या नावाचे फक्त आद्याक्षर. एकाच बाईच्या अशा चार बायका झाल्या, आणि त्या चारही एकच आहेत याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागले. ते दिले तर साक्षीदार राजपत्रित हवेत असे निघाले. तेही झाले तेव्हा संयुक्त छायाचित्राच्या मागे सही नव्हती. कोणीही दुष्टपणा केला नाही. प्रत्येक टेबलावर नियमाप्रमाणेच काम झाले. परंतु प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न नव्याने विचारला गेला, "मृत्यू की तारीख?" आणि प्रत्येक वेळी ती तारीख वहिनीला आपल्या तोंडाने सांगावी लागली. मृत्यूचा दाखला समोर ठेवलेला असतानाही.

या सात महिन्यांत एकच दिवस वेगळा होता. दादाच्या विभागातील एक वयस्क बाबू, ज्यांच्या टेबलाचा या प्रकरणाशी थेट संबंध नव्हता, एका रविवारी आपण होऊन पनागरला आले. वहिनी घाईने कागदांची पिशवी घेऊन आली तेव्हा ते म्हणाले, "भाभीजी, पहले पानी पिलाइए, कागज बाद में देखेंगे." मग तासभर ते दादाबद्दल बोलत राहिले. डबा खाताना तो लसणाची चटणी कशी वाटून द्यायचा, कारखान्यातील गणेशोत्सवात आरतीची सुरुवात नेहमी वरच्या पट्टीत कशी करायचा, आणि मग इतरांची कशी पंचाईत व्हायची. वहिनी तीन महिन्यांनी पहिल्यांदा हसली. त्यानंतर त्यांनी पिशवीतील सगळे कागद पलंगावर मांडले, काय आहे आणि काय नाही याची एकच यादी केली, आणि चार ठिकाणी सह्या घेऊन गेले. पुढचे काम मार्गी लागले ते त्या यादीमुळे. मी स्वतः अधिकारी. सर्व नियम मला पाठ. तरीही त्या घरात त्या दिवशी जे झाले ते नियमांच्या ज्ञानाने झाले नसते. त्यासाठी गेलेल्या माणसाला ओळखणारा कुणीतरी सरकारच्या बाजूने घरी यावा लागला.

माझ्या स्वतःच्या दुःखाला मात्र कोणताही नमुना नव्हता, आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. कुटुंबाच्या व्याख्येत पत्नी येते, मुले येतात, आई-वडील येतात; नोकरी करणारी, स्वतःचा संसार असलेली बहीण येत नाही, आणि निवृत्तिवेतनाच्या हिशेबात ती येऊही नये. शास्त्रानेदेखील लग्न झालेल्या बहिणीला भावाचे सूतक कमी दिवसांचे सांगितले आहे. लोक भेटायला येत ते वहिनीला आणि भाच्याला. मला विचारत, "वहिनी कशी आहे?" केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाविषयी एक पुस्तक संपादित केले, ज्याला समाज अधिकृत मान्यता देत नाही अशा दुःखाविषयी. मित्राचे, जुन्या सहकाऱ्याचे, घटस्फोटित जोडीदाराचे, गर्भातच गेलेल्या बाळाच्या आईचे दुःख. ते वाचताना मला बरे वाटले. आपल्या स्थितीला नाव आहे एवढे कळले तरी माणसाला आधार वाटतो.

आपल्या रूढींनी मात्र या बहिणीसाठी एक जागा राखून ठेवली होती, हे मला पुढच्या वर्षी उमगले. २०१९ ची भाऊबीज २९ ऑक्टोबरला होती. मी पनागरला गेले होते. ज्या बहिणीला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावे, अशी आपल्याकडे रीत आहे. लहानपणी आईकडून ऐकलेली. ती माझ्यासाठी असेल असे कधी वाटले नव्हते. द्वितीयेची कोर संध्याकाळी थोडाच वेळ दिसते. वहिनीने न बोलता निरांजन लावून तबक माझ्या हातात दिले आणि आम्ही दोघी अंगणात गेलो. समोरच्या घरातील बाईंनी विचारले, तेव्हा वहिनीने त्यांना हिंदीत समजावून सांगितले. पुढच्या वर्षीपासून त्याही येऊन उभ्या राहू लागल्या. त्यांचाही भाऊ नव्हता. ज्याने कुणी ही रीत पहिल्यांदा पाडली, त्याला भाऊ नसलेल्या बहिणीला सणाच्या दिवशी घरात तोंड लपवून बसावे लागू नये एवढे कळले होते. दुःखाला जागा आणि तारीख नेमून देणे, हे ते काम.

दुःखाविषयीचे आधुनिक शास्त्रही आता हळूहळू याच दिशेने आले आहे. एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकातील पाच पायऱ्या आपल्याकडेही सर्वांना तोंडपाठ आहेत: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. परंतु त्या पायऱ्या मुळात मृत्युशय्येवरील रुग्णांशी बोलून मांडलेल्या होत्या, मागे राहिलेल्यांसाठी नव्हे. आणि दुःखी माणूस त्या क्रमाने चढत जातो असेही नाही. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की, गेलेल्या माणसाशी नाते तोडणे म्हणजे सावरणे नव्हे. ते नाते वेगळ्या रूपात चालू राहते. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी सांगितले की, माणूस दुःख आणि दैनंदिन व्यवहार यांच्यात ये-जा करीत राहतो, आणि ही ये-जा हेच सावरण्याचे लक्षण. सकाळी दूधवाल्याशी पैशावरून वाद घालणारी बाई संध्याकाळी फोटोसमोर रडते, म्हणून तिचे सकाळचे वागणे खोटे ठरत नाही आणि संध्याकाळचे रडणे दुबळेपणा ठरत नाही.

वहिनीच्या स्कूटरची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. दादाची स्कूटर अंगणात उभी होती. ती विकून टाक, डोळ्यांसमोर नको, असे सर्वांनी सांगितले. नियमाप्रमाणे तीन महिन्यांत नाव बदलायला हवे होते. ते तिने दोन वर्षांनी, विलंबाचे पैसे भरून बदलून घेतले. चालवायला तिला येत नव्हते. दर रविवारी ती स्कूटर पुसायची, किक मारून पाच मिनिटे चालू ठेवायची आणि बंद करायची. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला बुडीत खर्चाचा सिद्धांत पहिल्या वर्षी शिकवतात: जे परत मिळणार नाही त्याचा पुढच्या निर्णयावर परिणाम होऊ देऊ नये. त्या हिशेबाने ती स्कूटर, तिचा विमा, ते पेट्रोल, सारेच अविचाराचे होते. २०२३ मध्ये एके दिवशी तिने फोनवर सांगितले, "ताई, स्कूटर दिली." परियटकडच्या एका गोठेवाल्याच्या मुलाला शहरात दूध घालायला हवी होती. आता ती दुधाच्या कॅन अडकवून रोज सकाळी तिच्याच दारावरून जाते आणि तो मुलगा हॉर्न वाजवतो. पाच वर्षांपूर्वी आमच्या आग्रहावरून ती विकली असती, तर एक वस्तू घरातून गेली असती. पाच वर्षांनी तिच्या इच्छेने गेली, तेव्हा ती कामाला लागली. हा फरक वेळेचा आहे, आणि ती वेळ ठरवण्याचा अधिकार तिचा होता.

व्यक्तीच्या बाबतीत जे खरे तेच मोठ्या आपत्तीतही खरे ठरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, लातूर-उस्मानाबादकडे किल्लारीचा भूकंप झाला. सरकारी आकड्यांप्रमाणे जवळपास आठ हजार माणसे गेली. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने झालेले पुनर्वसन हे भारतीय प्रशासनाच्या मोठ्या कामांपैकी एक मानले जाते, आणि ते तसे आहेही. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घरे भक्कम झाली, रस्ते रुंद झाले. परंतु जुन्या गावातील अरुंद गल्लीत दोन दारांमधून होणारे बोलणे त्या रुंद रस्त्यांत हरवले, ही तक्रार पुढे अनेक अभ्यासकांनी, विशेषतः स्त्रियांशी बोलून, नोंदवली. ज्या घरातील अर्धी माणसे गेली होती त्या घरातील बाईला शेजार हवा होता. तिला भूकंपरोधक घर मिळाले. दोन्ही देणे शक्य होते. शेजार ही गोष्ट नकाशावर दिसत नसल्यामुळे राहून गेली.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत तर उलट झाले. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत घरची मोजणीच मोडली. दहावा नाही, तेरावा नाही, कडवी रोटी आणायला दार उघडे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने प्रत्येक मृत्यूमागे ५०,००० रुपयांच्या साहाय्याची शिफारस केली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने ती मान्य करताना, मृत्यूच्या दाखल्यावर कोविडचा उल्लेख नाही एवढ्याच कारणावरून कोणाचा दावा नाकारू नये, असेही सांगितले. हे दुसरे वाक्य मला रकमेइतकेच महत्त्वाचे वाटते. माणूस कशाने गेला हे घराला माहीत असते. कागदाला माहीत नाही म्हणून ते खोटे ठरू नये, अशी ती कबुली होती.

आमच्या नियमांतही कधीकधी दुःख दार ठोठावून आत येते. २ सप्टेंबर २०२२ रोजी केंद्राच्या कार्मिक विभागाने काढलेल्या आदेशाने, बाळ मृत जन्मल्यास किंवा जन्मानंतर लगेच दगावल्यास आईला ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा मिळू लागली, आणि त्या आदेशात मानसिक आघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. इतर मृत्यूंसाठी मात्र केंद्रीय कर्मचाऱ्याला स्वतंत्र शोकरजा नाही. वर्षाच्या आठ नैमित्तिक रजांतून किंवा अर्जित रजेतून तेरावा भागवायचा. तेवढी एक सुधारणा सहज करण्यासारखी आहे.

आणखी काही गोष्टी तर नियम न बदलताही होऊ शकतात. कर्मचारी दगावल्यावर त्या कुटुंबासाठी एकच माणूस नेमावा, शक्यतो मृताला ओळखणारा, आणि त्याने घरी जावे. लागणाऱ्या कागदांची यादी एकदाच द्यावी. दाखला समोर असताना तारीख तोंडी विचारू नये. आणि ज्या कार्यालयात माणसाने तीस वर्षे काढली, तेथून घरी जाणारे पहिले पत्र निवासस्थान रिकामे करण्याविषयी किंवा अग्रिमाच्या वसुलीविषयी नसावे. दोन ओळींचे का होईना, त्याच्या कामाविषयी असावे. वहिनीकडे असे एक पत्र आले होते. ते तिने निवृत्तिवेतनाच्या आदेशाबरोबर नव्हे, दादाच्या फोटोमागे ठेवले आहे.

दुःखाची जागा आजाराने घेतली आहे का, हेही घरच्यांनी पाहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात सहा महिन्यांहून अधिक काळ, आणि अमेरिकेच्या २०२२ च्या सुधारित निकषांत प्रौढांसाठी किमान एक वर्ष, माणूस दुःखामुळे दैनंदिन जगणेच चालवू शकत नसेल तर त्याला उपचाराची गरज मानली आहे. झोप, जेवण, बोलणे सुटले असेल, जगणे नको असे शब्द निघत असतील, तर त्या मुदतीचीही वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. परंतु जी बाई घर सांभाळते, हिशेब ठेवते, शेजारणीच्या मुलीच्या लग्नात पोळ्या लाटते आणि तरीही नवऱ्याचा विषय निघाला की थांबते, ती आजारी नाही. तिला बरे करण्याची घाई करू नये.

दर नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारकाला आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. वहिनीसाठी तो महिना दादाच्या जाण्याचाही आहे. पूर्वी बँकेत जावे लागे. आता मोबाईलसमोर चेहरा धरून डोळ्यांची उघडझाप केली की जीवन प्रमाणपत्र तयार होते. गेल्या वर्षी ते काम आम्ही दोघींनी मिळून केले. ती म्हणाली, "एवढ्यावरून सरकारला कळतं?" मी म्हटले, एवढेच कळते. २०२८ च्या नोव्हेंबरनंतर तिचे निवृत्तिवेतन ३० टक्क्यांच्या दरावर येईल. तोवर घरखर्चाची जुळणी कशी करायची याचा तक्ता आम्ही आतापासून करून ठेवला आहे. दादा गेला तेव्हा त्याचे जे वय होते तेच आज माझे आहे, त्यामुळे माझ्याही कागदांची एक पिशवी मी लावून ठेवली आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्या वाचकांना शेवटी दोनच विनंत्या. घरातील प्रत्येकाचे नाव सेवापुस्तक, आधार, बँक आणि नामनिर्देशनपत्रावर सारखे आहे का, हे या सुट्टीत एकदा बसून पाहा. आणि ज्या घरी तुम्ही तेराव्याला गेला होता, त्या घरी तिसऱ्या-चौथ्या वर्षीही एकदा जा. तेव्हा तेथे गर्दी नसते, आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलणारे कुणी आले तर चहा दुसऱ्यांदा होतो.